पितळी खुंटीपासून

१

जमीन हलते की नाही हे मोजायचं, तर आधी न हलणारी एक जागा लागते. वेदिकाची ती जागा म्हणजे समाजभवनाच्या पायरीत बसवलेली पितळी खुंटी, अंगठ्याच्या पेराएवढी. रोज सकाळी दुर्बीण तिपाईवर चढवली की पहिली नजर खुंटीवर आणि वहीत पहिला आकडा खुंटीचा: १००.०००. हा आकडा कुणी मोजलेला नव्हता, मानलेला होता. पण एकदा मानला की पुढचं सगळं जग त्यावर उभं राहतं, आणि त्याकडे पुन्हा वळून बघायची कुणाला सवय नसते.

नागपूरच्या उत्तरेला, कामठी रोडपासून आत, बंद पडलेल्या कोळसा खदानीवर चार नंबर लाइन वसलेली आहे. एका ओळीत सोळा घरं आणि सोळाव्या घराच्या पुढे समाजभवन. खाली पोखरलेली जमीन आणि तिला तोलून धरायला मागे ठेवलेले कोळशाचेच खांब. एप्रिलमध्ये उपग्रहाच्या रडारने वरून पाहिलं, तेव्हा ही ओळ दोन सेंटीमीटर खाली गेलेली दिसली. नागपुरातल्या सदर भागातल्या खदान ऑफिसातून भराभर कागद निघाले आणि सोळाही कुटुंबं सामानसुमान घेऊन समाजभवनात राहायला आली. नकाशाप्रमाणे समाजभवनाखालचा कोळसा कुणी काढलेलाच नव्हता. तेवढी जागा पक्की होती.

रिकामी घरं आणखी किती खाली जातात हे मोजणं वेदिकाचं काम होतं. सीताबर्डीहून पहिली मेट्रो, ऑटोमोटिव्ह चौकात उतरून ऑटो, आणि नऊच्या आत काम खतम. मे महिन्यात नऊनंतर दुर्बिणीतून पाहिलं तर समोरचे आकडे उकळत्या पाण्यात टाकल्यासारखे नाचतात. नऊनंतर नागपुरातला शहाणा माणूस कूलरसमोर बसतो, मोजमाप करत नाही.

प्रत्येक घराच्या जोत्यावर एक खिळा ठोकला होता. त्या खिळ्यावर आकड्यांची उंच पट्टी सरळ धरून उभं राहायचं काम प्रेमिला करायची. ती लाइनीतलीच, नऊ नंबरच्या घरातली, पन्नाशीची बाई. तिची मुलगी काजल बाळंतपणाला माहेरी आली होती, म्हणजे माहेरच्या समाजभवनात आली होती. मुलगी झाली होती. रविवारी तिचं बारसं, तिथेच, सगळ्या लाइनीसकट.

त्या आठवड्याच्या सोमवारी पट्टीवरचे आकडे वाचताना वेदिकाला पहिली खोट दिसली. घरं खाली जायला हवी होती. ती एक मिलिमीटर वर आली होती. सगळी, सारखीच. फक्त अकरा नंबरचं घर बाकीच्यांपेक्षा चार मिलिमीटर खाली होतं.

२

मंगळवारी अकरा नंबर मुकाट्याने इतरांच्या रांगेत येऊन बसलं. आज बारा नंबर खाली होतं, चार मिलिमीटर.

"पट्टी बरोबर धरली होती बरं मी," प्रेमिला म्हणाली. "पट्टीवरच्या बुडबुड्यावर नजर ठेवूनच उभी होती."

"मी कुठं काय म्हणाले?"

"तुमी नाई बोलत ताई, तुमचं कपाळ बोलते."

बुधवारी तेरा नंबर. वेदिकाने पट्टी पुसून घेतली, खिळा घासला, दुर्बीण दुसऱ्या जागी मांडून तेच मोजमाप पुन्हा केलं. तेच उत्तर आलं. सगळी घरं आणखी एक मिलिमीटर वर, आणि तेरा नंबर तेवढं दबलेलं.

तिने सदरला फोन लावला. उन्मेष सर तिचे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, फक्त एसीत बसून बोलत होता.

"घरं वर येऊन राहिली? पोळी आहे का ती, फुगायला?"

"आकडे तसे आहेत, सर."

"सगळ्यांना सारखाच फरक आहे ना? मग ती तुझी चूक आहे, जमिनीची नाही. ऊन आहे, पट्टी तापते. वाटून टाक."

चूक वाटून टाकणं ही या धंद्यातली जुनी, सभ्य चाल आहे. मोजणी फिरून जागेवर आली आणि थोडा फरक उरला, तर तो सगळ्या बिंदूंवर सारखा पसरायचा, म्हणजे कुणालाच टोचत नाही. वेदिकाने शिकल्याप्रमाणे तो वाटून टाकला. वहीच्या कडेला लिहिलं: उष्णतेमुळे.

"अन् ते एक घर?"

"ती तुझ्या पट्टीवालीची चूक."

वेदिकाने प्रेमिलाकडे पाहिलं. ती पदराने घाम पुसत होती आणि तेरा नंबरच्या बंद दाराकडे बघत होती.

३

गुरुवारी वेदिकाने पहिल्यांदा चौदा नंबर मोजलं. असं करायचं नसतं, ओळीने जायचं असतं. पण तिला आधी ते जाणून घ्यायचं होतं, आणि ते दबलेलं निघालं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही, याचंच तिला जास्त आश्चर्य वाटलं.

नऊ वाजता प्रेमिला काजलला खाऊ घालायला गेली. वेदिका एकटीच चौदा नंबरची कडी काढून आत शिरली.

एकच खोली. भिंतीवर दिनदर्शिकेचं एप्रिलचंच पान, कोपऱ्यात उभी करून ठेवलेली खाट, चुलीपाशी एक विसरलेला चिमटा. जमीन शेणाने सारवलेली, कोरडी ठणठणीत, बोटांचे अर्धगोल फराटे अजून स्पष्ट दिसत होते. खोलीच्या मधोमध मात्र ते फराटे खाली वाकले होते. परातीएवढा खळगा. कडेला कुठे भेग नाही, माती उकरलेली नाही. बसून बसून गादीला जसा खोलगटपणा येतो तसा तो होता.

तिने त्यात तळहात ठेवला. बाहेर पारा आताच अडतिसावर होता आणि तिथली माती थंड होती. माठाच्या बुडासारखी थंड.

मग खालून आवाज आला. वयस्कर, जड माणूस गुडघ्यांवर हात टेकून उठताना होतो तसा, हळू आणि लांबलेला. तो थांबला. मग काही नाही. दूर कुठेतरी कोतवाल पक्षी ओरडला.

वेदिका विज्ञान शिकलेली होती. खाली पोकळी आहे, पोकळीत गार हवा आहे, उन्हाने माती आकसते आणि कुरकुरते. तिने स्वतःला अशी तीन कारणं दिली. तीनही चांगली होती, आणि ती देऊन होईपर्यंत ती उंबरठा ओलांडून पार रस्त्यावर येऊन उभी होती.

तिला भीती वाटत होती. ही गोष्ट तिने वहीत लिहिली नाही, पण स्वतःपाशी कबूल केली.

४

शुक्रवारी पंधरा.

त्या दिवशी ती काम आटोपून परत गेली नाही. दुपारपर्यंत समाजभवनातच बसून राहिली. आत मोठाले चार कूलर घरघरत होते. सतरंज्या अंथरल्या होत्या, ट्रंकांच्या आडोशाने प्रत्येकाने आपापलं घर मांडलं होतं. काजल भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर ती दहा दिवसांची पोर मुठी वळून झोपली होती. काजलचे वडील चंद्रभान रविवारच्या आचाऱ्याशी फोनवर वाद घालत होते. मठ्ठा द्यायचा की आंब्याचा रस, एवढाच प्रश्न होता, पण आवाजावरून खून झाल्यासारखं वाटत होतं.

साडेअकराला विजेची लाइन गेली. चारही कूलर एकदम थांबले.

कूलर थांबल्यावरची शांतता नागपूरच्या माणसाला माहीत असते. आधी "अरे" म्हणून सगळे ओरडतात, मग हातपंखे शोधतात. या वेळी कुणी ओरडलं नाही. कारण कूलरखाली दडलेला एक आवाज आता सुटा ऐकू येत होता. फरशीखालून, सोळा नंबरच्या बाजूने, टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. ऐकताना लहान पोरंसुद्धा खेळायची थांबली.

"पत्रा थंडा होऊन राहिला कूलरचा," चंद्रभान म्हणाले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "अजून काय राहीन?"

 प्रेमिला उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेली आणि बादली हातात धरून तशीच उभी राहिली.

"ताई, इकडं या जरा."

कूलरच्या टाकीतलं पाणी एका बाजूला काठोकाठ होतं. दुसऱ्या बाजूला दोन बोटं कमी.

"सोमवारी असं नव्हतं," प्रेमिला हळूच म्हणाली. "चारही कूलर पाहिले मी. सगळ्यायचं पाणी एकाच बाजूनं चाललं."

"मिस्त्री बेकार होता," चंद्रभान म्हणाले. "फरशी पहिल्यापासून तिरपी आहे."

तेवढ्यात लाइन आली, कूलर सुरू झाले आणि सगळ्यांनी एकदम मोठ्याने बोलायला सुरुवात केली.

५

शनिवारी सोळा नंबर दबलं होतं. बाकीची पंधरा घरं सहा मिलिमीटर वर.

वेदिका वही मांडीवर घेऊन दुर्बिणीपाशी बसली. ते दबणं कुठून निघालं आणि कुठे चाललं हे तिला दिसत होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगण्यासारखं काहीतरी हवं होतं. ती पुन्हा त्या सहा मिलिमीटरपाशी आली. पंधरा घरं, पंधरा वेगळी जोती, पंधरा वेगळ्या वयाच्या भिंती. ती सगळी रोज सारखीच कशी वर येतील? ती तर कोरीव कामासारखी नेमकी वर येत होती.

 मग तिने पहिल्यांदा, अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा, पितळी खुंटीकडे संशयाने वळून पाहिलं.

एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी कुणीतरी एकदाच नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलापर्यंत मोजणी नेली होती. पूल पाऊण किलोमीटरवर, दगडी, खदानीच्या पार बाहेर. वेदिकाने प्रेमिलाला घेतलं आणि ऊन चढायच्या आत ती मोजणी पुन्हा केली. नहराचा पूलही सहा मिलिमीटर वर आला होता.

नहराचा पूल वर येत नाही. कुणीच वर आलं नव्हतं. खुंटी खाली चालली होती, समाजभवन घेऊन, सोळा कुटुंबं घेऊन. आणि ही रोज सकाळी तो फरक प्रामाणिकपणे सगळ्यांत वाटून टाकत होती. वेदिकाला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

फोनवर उन्मेष सर या वेळी हसले नाहीत. "भिंतीला तडा आहे का?"

"नाही."

"सहा मिलिमीटरवर मी शनिवारी कुणाला उठवू? सोमवारी टीम आणतो."

"सर, उद्या तिथं बारसं आहे."

 "मी ऑर्डर काढू शकत नाही, वेदिका. लोक आपल्या मनानं हलले तर मला काही माहीत नाही," ते म्हणाले. "बघ, हलतात का."

लोक हलायला तयार नव्हते. चंद्रभान तर मुळीच नाही.

"दोन म्हैन्यात दोनदा घर सोडाचं का आमी? तुमीच म्हटलं ना मॅडम, ही जागा पक्की आहे म्हणून? पावणे सांगून झाले, आचारी ठरला. अन् आता म्हणता, हिलाही भरोसा नाई."

"मी चुकले, काका," वेदिका म्हणाली. "मीच चुकले. पण आज रात्री इथं कुणी झोपू नका."

"सहा मिलिमीटर म्हंजे किती, दाखवा बरं."

तिने बोटांच्या चिमटीत दाखवलं. दोनचार जण हसले. तिच्या हातात दाखवायला तेवढंच होतं.

तेव्हा प्रेमिला मधे आली. तिने नवऱ्याकडे न बघता, कडेच्या ट्रंकेकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"काजलचे बाबा, मी सोता पट्टी धरली आठ दिवस. सोमवारी अकरा नंबर दबलं. मंगळवारी बारा. मंग तेरा, चवदा, पंधरा. आज सोळा. दबते अन् दुसऱ्या दिवशी उठते. तुमी सांगा, सोळाच्या पुढं काय आहे?"

कूलर घरघरत होते. चंद्रभान यांनी सोळा नंबरच्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं, मग काजलच्या मांडीवर पाहिलं. त्यांनी खिशातून फोन काढला.

"गा, तो जिनिंगचा शेड उघडा आहे का?" ते कुणाला तरी म्हणाले. "नाई, आत्ताच पायजे."

६

कापसाच्या जिनिंगचा शेड नहराच्या पलीकडे होता, उन्हाळ्यात रिकामाच. दिवसभर आणि अंधार पडेपर्यंत ट्रॅक्टरच्या फेऱ्या चालू राहिल्या. रविवारी सकाळी सहाला वेदिका आली, तेव्हा समाजभवनात चार कूलर आणि एक लांब, पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी एवढंच उरलं होतं. ते आणायला कुणी आत जाऊ नये असं तिने सांगितलं. प्रेमिलाने दोन्ही दारं उघडीच ठेवली होती.

वेदिकाने दुर्बीण रस्त्याच्या पलीकडे, साठ पावलांवर मांडली. खुंटी मोजायला पट्टी लागते, आणि पट्टी धरायला प्रेमिलाला ती तिथे पाठवणार नव्हती. ती नुसती खुंटीवर नजर लावून बसली. दुर्बिणीत खुंटीच्या वर उघडं दार दिसत होतं आणि दारातून आत गेलेली सतरंजी. सकाळचा तिरपा उजेड तिच्यावर पडला होता. लाल पट्टा, निळा पट्टा, लाल पट्टा.

दाराजवळचा लाल पट्टा खाली गेला.

वेदिकाने डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. अजून सातही वाजले नव्हते, हवा नाचत नव्हती. लाल पट्ट्यात एक खळगा होता. तो भरून आला आणि पुढच्या निळ्या पट्ट्यात एक पडला. मग त्याच्या पुढच्या लाल पट्ट्यात. सावकाश. कशाचीही घाई नव्हती. सतरंजीवर काहीच नव्हतं. जे वजन होतं ते तिला खालून ओढत होतं.

ते मधोमध गेलं. तिथे आज बारशाचा पाळणा टांगायचा होता, छताच्या कडीखाली. तिथे सतरंजी रुंद दबली, सगळ्या बाजूंनी, आणि तिच्या चारही कडा थोड्या आत सरकल्या. कुणीतरी फार चालून आल्यावर बसतं, तसं ते बसलं.

 वेदिकाच्या मागे प्रेमिला उभी होती. तिला दुर्बिणीशिवाय एवढं दिसणं शक्य नव्हतं, पण तिने वेदिकाचा खांदा घट्ट धरला होता.

मग फरशी गेली. आवाज फार मोठा नव्हता. धान्याचं पोतं एका बाजूने उसवावं तसा तो सुरू झाला आणि बराच वेळ चालला. मधली जमीन गेली, कूलर गेले, छत वाकलं आणि त्यांच्यामागे गेलं, शेवटी पायरी गेली. धुळीचा एक पिवळा ढग वर आला आणि रस्त्यावर सावकाश पसरला.

"बसा ताई," प्रेमिला म्हणाली. वेदिकाला कळलं की ती केव्हाच उठून उभी राहिली होती.

७

दहाच्या सुमारास उन्मेष सर धावतपळत आले, त्यांच्यामागे तहसीलची गाडी. आधी ते खड्ड्यापाशी गेले. त्यांनी वेदिकाची वही मागून घेतली, "उष्णतेमुळे" हा शब्द तीन ठिकाणी वाचला आणि वही परत दिली.

"वाटून टाक असं मी म्हटलं होतं," ते म्हणाले. "ते पण लिही रिपोर्टात."

तहसीलच्या माणसाजवळ लाइनीची यादी होती. माणसं मोजल्याशिवाय त्याला जाता येत नव्हतं. सगळ्यांना जिनिंगच्या शेडमध्ये ओळीने उभं केलं. यादीत एकाहत्तर नावं होती.

चंद्रभान यांनी मोजलं. बहात्तर भरले.

"पावणे बाजूला व्हा गा," ते ओरडले. पाहुणे आणि आचारी बाजूला झाले. त्यांनी पुन्हा मोजलं. बहात्तर.

 वेदिकाने ओळीकडे पाहिलं. सगळे चेहरे ओळखीचे होते, आठ दिवस रोज पाहिलेले. तरी ती एकेका चेहऱ्यावर थांबत गेली, आणि थांबताना चेहऱ्यांखाली, पायांकडे, पायांखालच्या मातीकडे पाहू लागली. ओळीतली माणसंही एकमेकांकडे चोरून बघायला लागली होती. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"एक जास्तीचा कोण हाये?" तहसीलचा माणूस म्हणाला. 

प्रेमिलाने त्याच्या हातातला कागद घेतला. तिला वाचायला वेळ लागायचा. बोट ठेवत ठेवत ती खालपर्यंत गेली, मग तारीख पाहिली, मग तोंडावर पदर घेऊन जी हसत सुटली ती थांबेना. हसता हसता तिने काजलच्या हातातल्या गाठोड्याकडे बोट दाखवलं.

यादी एप्रिलची होती, काजलसकट. पोर मे महिन्यातली.

सगळा शेड हसला. चंद्रभान हसले आणि मग एका बाजूला जाऊन रडले, आणि तेही त्यांनी लपवलं नाही. वेदिकाला इतकं हलकं वाटलं की तिने भर तहसीलसमोर उन्मेष सरांचा हात धरला आणि ते एक मिनिटाने तिच्या लक्षात आलं.

"नाव सांगा, लिहून टाकतो," तहसीलचा माणूस म्हणाला.

"नाव कुठं ठेवलं अजून?" काजल म्हणाली. "बारसं व्हाचं आहे ना."

"मग ठेवून घ्या. मी थांबतो."

छताच्या लोखंडी कैचीला साडीचा पाळणा बांधला गेला. चंद्रभान यांना त्यांच्या आईचं भागीरथा हे नाव हवं होतं, काजलला मोबाइलमध्ये सापडलेलं एक, जे कुणालाच उच्चारता येत नव्हतं. पाहुण्यांत आलेल्या आत्याने दोघांचंही ऐकून घेतलं आणि बाळाच्या कानात भलतंच तिसरं सांगितलं, मग तेच मोठ्याने म्हणाली. पोरीने झोपेतच तोंड वाकडं केलं. बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. बाहेर दूरवर धूळ अजून पुरती बसली नव्हती, पण तिकडे कुणी बघत नव्हतं.

तहसीलच्या माणसाचं पेन उन्हात सुकलं होतं. वेदिकाने आपलं दिलं. मग त्याच्या हातातून यादीच घेतली, पाठीवर कागद ठेवायला प्रेमिलाला वाकायला सांगितलं, आणि एकाहत्तराव्या नावाखाली एक ओळ आखून सावकाश अक्षरात लिहिलं: बहात्तर. हर्षा.